सातकोंडीच्या पाण्यावर राहिलेली ओ

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
उपनगर जलाशय व शिबिर परवाना कक्ष,
मुलुंड (पश्चिम), मुंबई.

विषय : सातकोंडी तलावाच्या मागच्या कोंडावर (डोहावर) शनिवार दि. २८ व रविवार दि. २९ मार्च २०२६ रोजी कृत्रिम माशीने मासेमारी व तंबूत एक मुक्काम करण्यास परवानगी मिळण्याबाबत; तसेच माझ्या पतींची तेथे राहून गेलेली ओ घरी आणू देण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. २ फेब्रुवारीचा अर्ज.
२) आपल्या कक्षाचे दि. २० फेब्रुवारीचे नकाराचे पत्र.
३) आपल्या टेबलासमोर उभे राहून माझे झालेले बोलणे, ज्याची नोंद आपण घेतली नसावी.

महोदय,

मी, खाली सही करणारी जानकी नंदकुमार राऊळ, राहणार चारकोप, कांदिवली (पश्चिम), आमच्या गृहनिर्माण संस्थेची मानद सचिव आहे. संस्थेच्या वतीने पाणी खात्यापासून मूषक नियंत्रणापर्यंत सर्वांना अर्ज मीच लिहिते. त्यामुळे अर्जात रडू नये, थेट मुद्द्यावर यावे, एवढे मला कळते. तरीही या अर्जात एखाद्या ठिकाणी माझा तोल गेल्यासारखा वाटला, तर तेवढा भाग सोडून पुढे वाचावे.

१. मुद्दा असा की, माझे पती श्री. नंदकुमार राऊळ गेल्या वर्षी चैत्रात आपल्याच परवान्यावर सातकोंडीला शनिवार-रविवार मुक्कामाला गेले होते. ते घरी आले. त्यांची ओ मात्र तिथेच राहिली. आता वैशाखात गाळ काढण्यासाठी तलावाचे सर्व पाणी सोडून देण्यात येणार आहे, असा फलक आपण बंधाऱ्यावर लावला आहे. पाणी गेल्यावर ती ओ कुठे जाईल, हे मला आजवर कोणीही सांगू शकलेले नाही. म्हणून पाणी आहे तोवर तिथे जाऊन मला पतींना हाक मारायची आहे. गाळाच्या कामाला माझी हरकत नाही. तो काढलाच पाहिजे.

२. आपल्या पत्रात ‘अर्जदाराने प्रकरण स्पष्ट करावे’ असे म्हटले आहे. म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझे पती अंधेरीला लिफ्ट दुरुस्तीच्या एका कंपनीत पर्यवेक्षक आहेत. कोणालाही त्रास होईल असा छंद त्यांना नव्हता. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांनी मोबाइलवर फ्लाय फिशिंग पाहिले आणि ते त्याच्या नादी लागले. यात कोंबड्याच्या मानेची पिसे दोऱ्याने गळाला बांधून खोटी माशी तयार करतात. ती लांब दोरीने पाण्यावर अलगद टेकवायची, मासा फसला की धरायचा, कौतुकाने पाहायचा आणि सोडून द्यायचा. मालवणी माणूस हाताशी आलेली मरळ पाण्यात सोडून देतो, यावर आमच्या गावात अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही. माझ्या सासूबाईंनी तर हे ऐकल्यावर त्यांची मीठ-मोहरीने दृष्ट काढली होती.

मी स्वतः या छंदाची यथेच्छ टिंगल केली. बाजारातून पैसे मोजून आणलेली मरळ तळताना मी त्यांना विचारत असे की, ही तुम्हीच सोडलेली का? ते हसत. ते हसणे मला आता हवे आहे, पण तो या अर्जाचा विषय नाही.

३. गेल्या वर्षीच्या मुक्कामाला तिघे गेले होते. एक माझे पती. दुसरे त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र श्री. लवू मेस्त्री, राहणार घाटकोपर. तिसरे लवूंचे मामा श्री. गुणाजी घाडी. गुणाजीमामांचे वय झाले आहे आणि मासेमारीशी त्यांना देणेघेणे नाही. परंतु अनोळखी पाण्याच्या काठावर रात्र काढायची तर गाऱ्हाणे घातल्याशिवाय मुलाला सोडणार नाही, असे लवूंच्या आईने बजावले. गाऱ्हाणे घालणारा माणूस म्हणून मामांना गाडीत बसवले गेले.

गाऱ्हाणे हा आमच्याकडचा एक प्रकारचा तोंडी अर्जच असतो. प्रत्येक जागेचा एक राखणदार असतो. त्याच्या हद्दीत शिरताना आपण कोण, कशासाठी आलो, किती जण आहोत, हे मोठ्याने सांगावे लागते. मामांनी सांगितले, “बा देवा राखणदारा म्हाराजा, ही तीन माणसां आज तुझ्या हद्दीत वस्तीक इली हत. जशी इली तशी मोजून घराक धाड रे म्हाराजा.” त्यावर बाकीच्या दोघांनी ‘होय म्हाराजा’ म्हटले. येथवर सर्व रीतसर झाले.

निघताना दुसरे गाऱ्हाणे असते, आणि आमच्या वाडीत त्यालाच जास्त महत्त्व आहे. गाऱ्हाणे घालणारा पाण्याकडे पाठ करतो, डोळे मिटतो आणि एकेकाचे नाव पुकारतो. ज्याचे नाव असेल त्याने स्वतः ओ द्यायची. ओ दिली की तो माणूस राखणदाराच्या हिशेबातून सुटला. मग नारळ फोडायचा आणि मागे न बघता चालू लागायचे.

४. चूक इथे झाली. रविवारी निघायच्या वेळी माझे पती कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि त्यांच्या गळाला मोठी मरळ लागली होती. काठावर मामांनी डोळे मिटून नाव पुकारले, “नंदकुमार!” पतींनी ऐकले. पण आवाज केला तर मासा बिचकेल म्हणून ते गप्प राहिले. तेव्हा लवू मेस्त्री यांनी काठावरूनच, जरा जाड आवाज काढून, त्यांच्या वतीने ओ दिली. कॉलेजात हे दोघे एकमेकांची हजेरी लावत असत. सवयीने तोंडातून गेले. मामांनी नारळ फोडला. मासा दोरी तोडून गेला. तिघे गाडीत बसून घरी आले.

म्हणजे लवू मेस्त्री त्या जागेतून दोनदा सुटले आणि माझे पती एकदाही नाही.

हे सर्व मला लवूंनी भाद्रपदात, आमच्या घरी गणपतीला आले असताना सांगितले. तोवर मी घरचा प्रकार सगळ्यांना सांगून थकले होते. मोदकाची ताटली हातात धरून ते म्हणाले, “वहिनी, मी फक्त हजेरी लावली हो त्याची. मासा सुटला असता ना!” आणि मग गणपतीसमोर बसून रडले. मी त्यांना दुसरा मोदक वाढला.

५. आता घरचा प्रकार. परत आल्यावर पहिल्या काही दिवसांत माझ्या लक्षात आले की, आतून ‘अहो’ अशी हाक मारली की ओ यायला जरा वेळ लागतो. घास गिळायला लागतो तेवढा. पुढे दूध उतू जाईपर्यंत ओ येईना. दिवाळीत मी फराळाला हाक मारली आणि ओ आली तेव्हा पाहुणे जाऊन पणत्याही विझल्या होत्या. समोर बसून विचारले तर ते मान हलवतात, हळू का होईना बोलतात, सांगितलेले काम करतात, कामावरही वेळेत जातात. पण लांबून मारलेल्या हाकेची ओ काही वेळेत येत नाही.

बरेच दिवस मला वाटले, लग्नाला इतकी वर्षे झाली, आता हे माझ्या हाकेला भीक घालत नाहीत. दिवाळीनंतर एकदा रात्री मी स्वयंपाकघरातून त्यांच्याशी भांडले. त्या भांडणाचे उत्तर मला दुसऱ्या दिवशी, नारळ खवत असताना मिळाले. मी काय बोलले होते ते मीच विसरले होते. उत्तर मात्र समजुतीचे होते.

सध्या रात्रीच्या जेवणाची हाक मी सकाळी चहाच्या वेळी मारून ठेवते. शेजारच्या दर्शनाताईंना हे विचित्र वाटते. त्या म्हणतात, “अगं, आत्ताशी सात वाजलेत, जेवायला काय बोलावतेस?” त्यांना काय सांगणार? आमच्या घराची घडी आता अशीच बसली आहे. ओ येते तेव्हा आवाज पतींचाच असतो, पण पाण्यावरून आलेल्या आवाजासारखा पसरट असतो. आणि शिमग्यापासून एक नवीन गोष्ट झाली आहे. ओ येते तेव्हा पतींचे ओठ मिटलेले असतात. तेही माझ्यासारखीच मान वळवून ती ऐकतात.

झोपेत त्यांच्या उजव्या मनगटाला ओढ बसते. मी विचारले तेव्हा त्यांनी इतकेच सांगितले की, दोरी अजून ताणलेली आहे. मला भीती वाटते, महोदय. हे वाक्य मी कोणत्याही अर्जात याआधी लिहिलेले नाही.

६. आपल्या कार्यालयात मला कानाच्या डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला देण्यात आला. पण मी पतींना दिवाळीआधीच बोरिवलीच्या एका डॉक्टरांकडे नेले होते. यंत्रावर दोन्ही कान उत्तम निघाले. खात्री करावी म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या पाठीमागे उभे राहून नाव पुकारले. ओ आली नाही. आम्ही बराच वेळ थांबलो, डॉक्टरांचे पुढचे पेशंट खोळंबले, शेवटी निघालो. खाली रिक्षाला हात करत असताना ओ आली. मी वर जाऊन डॉक्टरांना तसे कळवले. त्यांनी पुढच्या वेळी येऊ नका, असे सौम्य शब्दांत सांगितले.

७. यानंतर मी जानेवारीत स्वतः सातकोंडीला गेले. दिवसाच्या तिकिटावर फक्त पुढच्या बंधाऱ्यापर्यंत जाता येते, मागचा कोंड मुक्कामाचा परवाना असणाऱ्यांनाच खुला असतो, हे मला तिथे समजले. फाटकावर आपले पहारेकरी श्री. धाकू पागी होते. मी त्यांना काहीही न सांगता नुसते विचारले की, मागे कोणी असते का? ते म्हणाले, “बाई, कोणीतरी रोज ओ देतो तिकडून. हाक कोणाची ऐकू येत नाही. नुसती ओ.” त्यांनी हे वरिष्ठांच्या कानावर घातले होते आणि टिटवी असेल असे त्यांना सांगण्यात आले होते. टिटवी काय ओरडते हे आपणासही ठाऊक असेल. ती ओ म्हणत नाही.

मी तिथूनच माझी मुलगी श्वेता हिला घरी फोन केला आणि बाबांना हाक मार, असे सांगितले. सुट्टी असल्याने पती घरी होते. “बाबा!” अशी तिची हाक मला फोनमध्ये ऐकू आली. फोन माझ्या कानालाच होता. तेवढ्यात मागच्या कोंडावरून ओ आली. लगेच. श्वेताने घरून विचारले की, आई, तिकडे कोण बोलले? श्री. पागी यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. घरी चारकोपला ती ओ दिवेलागणीला पोचली.

म्हणजे महोदय, उशीर माझ्या पतींचा नाही. ते प्रत्येक हाकेला तत्काळ ओ देतात. उशीर वाटेचा आहे. मी वर्षभर या माणसावर नाही नाही ते आळ घेतले आणि तो तिकडे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मला वेळच्या वेळी ओ देत होता. हे कळल्यावर मी आपल्या बंधाऱ्यावर बसून बराच वेळ रडले. तिकिटाची वेळ संपली तरी श्री. पागी यांनी मला उठवले नाही. याबद्दल त्यांच्यावर कारवाई होऊ नये.

त्याच वेळी मी बंधाऱ्यावरून ‘अहो’ अशी हाकही मारली. ओ आली. माणूस मात्र आला नाही.

८. गुणाजीमामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “बाये, माणूस ज्या कामात अडाकता, थंयसूनच तेका सोडवचो लागता. तो थंयसर रुजाक लागलो हा.” त्यांचे म्हणणे असे की, पती तिथे मुळे धरू लागले आहेत; सोडवायचे तर तीच जागा हवी, तोच ऋतू हवा, तीच माणसे हवीत, आणि पाण्यात उभे राहून तेच काम चालू असायला हवे. पतींना पुन्हा त्या पाण्यात उतरवायचे नाही, म्हणून काठी मी धरायची. त्यांच्या हाकेला एकदा खोटी ओ गेली असल्याने त्यांची हाक आता चालणार नाही. हाक मला मारावी लागेल. तीही ‘अहो’ अशी नाही. नाव घेऊन. आमच्यात नवऱ्याचे नाव घेण्याची पद्धत नाही, घेतले तर उखाण्यात. पण ‘अहो’ म्हटले तर राखणदाराला कोणाला सोडायचे ते कसे कळावे, हे मामांचे म्हणणे मला पटते. त्याचा आणि आपला कारभार पुष्कळसा सारखा दिसतो.

शिवाय मामा चोरून जायला तयार नाहीत. विनापरवाना शिरलेल्या माणसाला राखणदार हिशेबात धरत नाही, असे ते सांगतात. नाहीतर कुंपणाला जागोजागी पडलेली भोके मी पाहिली आहेत. आपणास इतका त्रास दिला नसता.

९. आपल्या नकाराच्या पत्रातील कारणांना माझी उत्तरे पुढीलप्रमाणे.

‘अर्जदाराचे पती अर्जदाराच्याच म्हणण्यानुसार घरी राहत असल्याने ते तलावावर असू शकत नाहीत.’ हे मलाही बरेच दिवस वाटत होते. कृपया आपण एकदा मागच्या कोंडावर जावे.

‘ओ ही वस्तू नसल्याने ती हरवल्याची दखल घेता येत नाही.’ ती हरवलेली नाही. कुठे आहे ते मला माहीत आहे. आणायला जाऊ द्यावे, इतकेच म्हणणे आहे.

‘मागच्या कोंडावर महिलांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही.’ ही सोय करणे कोणाचे काम होते, हा वेगळ्या अर्जाचा विषय आहे आणि तो मी यथावकाश करीन. एका रात्रीपुरते माझे मी बघून घेईन.

‘अर्जदारास मासेमारीचा अनुभव नाही.’ हे फेब्रुवारीत खरे होते. आता नाही. श्वेताने मोबाइलवरचे व्हिडिओ लावून दिले आणि मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर पतींची काठी घेऊन रोज सराव केला. दोरी मागे झुलवायची, क्षणभर थांबायचे आणि मग पुढे सोडायची, यातले थांबणेच कठीण असते. सुरुवातीला माझा गळ दर्शनाताईंच्या वाळत घातलेल्या साडीत अडकला व साडी फाटली. त्यांनी संस्थेकडे लेखी तक्रार केली. सचिव मीच असल्याने ती तक्रार माझ्याकडे आली व मी स्वतःला लेखी समज दिली. आता मी दोन पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या जागेत ठेवलेल्या परातीत माशी बरोबर उतरवू शकते.

त्याच गच्चीवर मी नाव घेण्याचाही सराव केला. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला तो इतका मोठा की खालच्या मजल्यावरच्या बायका बाहेर आल्या. मला लाज वाटली, आणि इतके चांगले नाव आपण एवढी वर्षे तोंडात का घेतले नाही, असेही वाटले.

१०. मुक्कामाचे नियोजन असे आहे. शनिवारी सकाळी लवू मेस्त्री यांच्या गाडीने आम्ही निघू. दुपारपर्यंत तंबू लावून होईल. तंबू लवूंचा आहे आणि तो कसा लावायचा हे त्यांना गेल्या वर्षीही जमले नव्हते, म्हणून मी आमच्या बैठकीच्या खोलीत तो लावून पाहिला आहे. चैत्रात पालापाचोळा वाळलेला असतो, त्यामुळे कोणताही जाळ करणार नाही. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि बाटलीतून सोलकढी घरूनच नेऊ. मामांना दात नसल्याने त्यांच्यासाठी पेज वेगळ्या डब्यात. कोंबडा नेणार नाही. खोट्या माशीला कोंबड्याची पिसे आहेत, राखणदार तेवढ्यावर भागवील, असे मामा म्हणतात. माश्या पतींनीच बांधून दिल्या आहेत. या कामात त्यांचा हात अजून पूर्वीसारखाच सफाईने चालतो. धरलेला मासा आपल्या नियमाप्रमाणे सोडून दिला जाईल.

संध्याकाळी मी मासेमारीचा सराव करीन. रविवारी सकाळी पती ज्या ठिकाणी उभे होते तिथेच कमरेएवढ्या पाण्यात काठी घेऊन उभी राहीन. मला पोहता येत नाही. कमरेला दोर बांधून त्याचे टोक लवूंच्या हाती देऊ. मामा काठावरून गाऱ्हाणे घालतील, पती त्यांच्याशेजारी खडकावर बसतील आणि नाव मी पुकारीन. त्या वेळी लवू मेस्त्री यांच्या तोंडाला रुमाल घट्ट बांधण्यात येईल, याची लेखी हमी मी देते. त्यांचीही त्याला संमती आहे.

११. सबब माझी विनंती की,

मागच्या कोंडावरील मुक्कामाचा परवाना वरील दोन दिवसांसाठी मंजूर व्हावा. तो मुक्काम पार पडेपर्यंत तलावाचे पाणी सोडू नये. रविवारी सकाळी आपले कर्मचारी शिट्टी वाजवून शिबिरार्थींना बाहेर काढतात, ती शिट्टी त्या दिवशी वाजवू नये, किंवा वाजवायचीच असेल तर गाऱ्हाणे पुरे झाल्यावर वाजवावी. परवान्यात जाणाऱ्या व्यक्ती चार व परतणाऱ्या व्यक्ती चार, अशी नोंद असावी. हे सर्व नियमात बसत नसल्यास नियमाबाहेर जाऊन विचार व्हावा. आपणालाही घरी कोणीतरी हाक मारत असेल. तिला ओ वेळेत मिळते, ही गोष्ट किती मोठी आहे, हे मला गेल्या वर्षी या दिवसांत माहीत नव्हते.

आपले उत्तर पोचण्यास उशीर होऊ नये, एवढीच अपेक्षा.

आपली नम्र,
(सही)
जानकी नंदकुमार राऊळ
चारकोप, कांदिवली (पश्चिम)
दि. ९ मार्च २०२६

सोबत : कानाच्या तपासणीचा अहवाल. गेल्या वर्षीच्या परवान्याची प्रत. श्री. लवू मेस्त्री यांचे रुमालाबाबतचे संमतीपत्र. श्री. गुणाजी घाडी यांचे म्हणणे, मी लिहून घेतलेले, त्यांच्या अंगठ्यासह.

ता.क. : वरील अर्जावर सही करून तो टेबलावर ठेवला, तेव्हा पती चहा घेऊन आले. अलीकडे सकाळचा चहा तेच करतात. त्यांनी उभ्या उभ्या सगळा अर्ज वाचला. ‘परतणाऱ्या व्यक्ती चार’ या शब्दांवर बोट ठेवून त्यांनी मला विचारले, “जानकी, त्याने ओ दिली, तो आला, तर मग मी कुठे जायचं?”

महोदय, याबद्दल गुणाजीमामांनी काही सांगितलेले नाही आणि मीही त्यांना विचारलेले नाही. वर्षभर मी त्या ओसाठी धावपळ केली. पण वर्षभर माझ्या पानाशेजारी बसून जेवले ते हे. ऑक्टोबरात मी तापाने पडले तेव्हा माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले ते हेच. हाकेला ओ देता येत नाही म्हणून हे माझ्या हाकेच्या आधीच समोर येऊन उभे राहायला शिकले आणि ते माझ्या आज लक्षात आले. चहा निवला. ते कामावर निघून गेले.

तरी मुद्दा क्र. ११ मध्ये दुरुस्ती करत आहे. जाणाऱ्या व्यक्ती चार, परतणाऱ्या व्यक्ती पाच, असे वाचावे. येताना आमच्यातले दोघे अगदी एकमेकांसारखे दिसल्यास फाटकावर श्री. धाकू पागी यांनी कोणालाही अडवू नये व ओळखपत्र मागू नये. दोघांनाही मी घरी नेणार आहे. आमची जागा लहान आहे, पण होईल. श्वेताला सांगून ठेवले आहे की, रविवारी रात्री एका माणसाचा भात जास्त टाक.